बारावा दगड

नाई नाई, पट्टी बरोबर आहे तुमची. किती वेळा मोजसान? तीन फूट दहा इंच — मी इथी बसल्या बसल्या सांगतो, न पाहता. अन् निबंधात छापलं तीन फूट चार. तेही बरोबर आहे. गुणवंतराव सरांवर ढकलू नका, सरांनी जन्मात कधी पट्टी धरली नाई — वाकलं का कंबर धरते त्यांची. ते माप माह्यं आहे. चोपन साल, पौष महिना, हाच दगड, हीच बाजू; पट्टी मी लावली, आकडा मी वाचला अन् सरांनी खुर्चीत बसून लिहून घेतला. बाकीचे अकरा दगड जुळले ना तुमचे? इंचाचाही फरक नाई. मंग हा एकटाच बारावा चार वर्षांत सहा इंच कसा वाढला, हेच विचारून राह्यले ना? विचारा. पण ती कुदळ आधी खाली ठेवा. हातात कुदळ घेऊन विचारणाऱ्याले उत्तर ऐकाचं नसते.

मी? मी असाच आलो. फिराले. लटारू म्हणतात मले, सिंदेवाहीच्या भैयाजी मास्तरांचा मुलगा — रेंजरनं तुमाले सांगतलंच असन, बी.ए.च्या शेवटच्या वर्षात कॉलेज सोडून आलेला, बापाच्या घरी फुकट जेवणारा. खरं आहे. जेवतो. ह्या थैलीत? काही नाई, भाकर आहे. बसा ना साहेब, त्या मोहाखाली सावली आहे. नाई बसत? मंग उभे राहा, मले काय.

दाखवा ती यादी. पाहू तं द्या, मी खात नाई कागद. बाप्पा, काय सुंदर टाइप केलं — सतरा निबंध, एक ग्रंथ, अन् शेवटी लाल पेन्सिलीनं वेगळी ओळ: 'मुरुमटोल्याची द्वादश पाषाणरांग' — उल्लेख तेवीस. तेवीस! बाकीच्या सोळांचे मिळून नऊ, अन् ह्या एकट्याचे तेवीस. म्हणजे सरांची सारी उंची ह्या एका रांगेवर उभी आहे, अन् म्हणूनच त्यांना विद्यापीठातली ती मोठी जागा द्यायची का नाई, हे ठरवाले कमिटीनं तुमाले इथी पाठवलं. बरं केलं. एक सांगा, ह्या तेवीस जणांपैकी इथी किती आले? पायानं चालत, काटे लागत? मी सांगतो — एक. तुम्ही. तेही आज. एकानं लिहिलं का गुणवंतराव म्हणतात बारा दगड म्हणजे बारा महिने, ते अडीच हजार वर्षांपासून पंचांग मांडून उभे आहेत, दुसऱ्यानं पहिल्याचं वाचून लिहिलं, तिसऱ्यानं दोघांचं. अन् ह्यातले दोन उल्लेख तुमचेच आहेत — अकरावा अन् एकोणिसावा. काऊन, चेहरा का पडला? मी वाचतो साहेब, कॉलेज सोडलं, वाचणं नाई सोडलं. तुम्ही तं लिहिलं होतं, 'ह्या रांगेतील बाराव्या पाषाणाचे स्थान निर्णायक आहे.' निर्णायक! पुण्यात बसून. खुर्चीतून दगड पाहणारे सारे म्हातारे एका जातीचे.

तं ऐका. रांग अकराची होती.

हसू नका. त्रेपन सालच्या पौषात आम्ही पह्यल्यांदा इथी तंबू ठोकले — सर, मी, अन् टोल्यावरचे, म्हणजे ह्या गोंडांच्या पाड्यावरचे, सहा मजूर. रांग मोजली, नकाशा काढला, माह्या हातानं काढला, वहीत आहे. अकरा. रांगेच्या ह्या टोकाले, जिथी आता हा बारावा उभा आहे, त्याच्या दहा पावलं पुढी सरांनी चर खोदाले लावला. नऊ फूट खोल. सरांले वाटे का खाली राख सापडन, हाडं सापडतीन. सापडली मातीची दोन खापरं. अन् मंग पाऊस आला, अवकाळी, रात्रभर. सकाळी ऊन पडलं. सर म्हणाले, "आज फोटो घेऊ, प्रकाश छान आहे." चराचा तळ तं सारा चिखल. त्याले साफ कराले कोणीतरी उतरलं पाहिजे ना? झिंगू उतरला. झिंगू म्हणजे टोल्यावरचा मजूर, विशीचा असन, माह्यासारखाच. हसरा गडी. माती अशी हाताळे का जसं काही लेकराले उटणं लावून राह्यला. सरांनी त्याले उतरवलं, अन् पूर्वेकडची भिंत खाली बसली. आवाजही मोठा नाई आला, साहेब. पोतं टाकल्यासारखा आला.

काढला. आम्ही सहा जणांनी हातानं काढला. काय उपयोग!

सर? सर संध्याकाळच्या गाडीनं नागपूरले. "लटारू, तू इथला आहेस, तू सांभाळ." सांभाळ म्हणजे काय, हे वीस वर्षांच्या पोराले कोण सांगन? माह्या बापानं सांगतलं. भैयाजी मास्तर, सारा तालुका पाया पडते — त्यानंच पंचनामा लिहिला, अक्षर चांगलं म्हणून. 'विहीर खणताना दबून मृत्यू.' ह्या टोल्यात विहीर नाई साहेब, आजही नाई; बाया नाल्यात झरा उकरतात. पण कागदावर विहीर झाली. मले म्हणाला, "सरांच्या हाताखाली आहेस, तोंड उघडशीन तं जन्माचं नुकसान." टोल्याचा पुजारी कोलू, तोही तसाच, साहेबाच्या कागदावर अंगठा देऊन मोकळा. तीन म्हातारे, साहेब, तिघांनी मिळून एक माणूस मातीत घातला — एकानं खोदून, एकानं लिहून, एकानं अंगठा लावून.

पण त्या लोकांची एक रीत आहे, तिथी कोणाचा अंगठा चालत नाई. त्यांचा माणूस गेला का त्याच्या नावानं दगड उभा करतात. सोयरे नाल्यातून दगड खांद्यावर आणतात, वाटेत खाली टेकवत नाईत. झिंगूच्या सोयऱ्यांनी आणला. अन् उभा कुठी केला? जिथी तो गेला त्याच्याजवळ, ह्या रांगेच्या टोकाले — कारण ही रांगही त्यांच्या मते त्यांच्याच म्हाताऱ्यांची, सरांच्या पंचांगाची नाई. पाहा ना, ह्याच्या अंगावर शेवाळ कमी आहे. पाहा, पण पट्टी खाली ठेवा. तेवीस जणांपैकी एकालाही शेवाळ नाई दिसलं, फोटोत दिसत नाई ते.

मंग चोपनचा पौष. सर परत आले. नवी टोपी, नवा कॅमेरा, नवं अनुदान. ह्या टोकाले उभे राह्यले अन् मोजू लागले, बोटं हलवत. "लटारू, बारा आहेत की रे! मागच्या वर्षी आपण अकरा लिहिले. एखादा झुडपात राहिला असेल का?" असं म्हणाले अन् माह्याकडं पाह्यलं नाई, दगडाकडंही नाई — वर पाह्यलं, त्या मोहाच्या शेंड्याकडं. मले आजही समजत नाई साहेब, का त्यांना ठाऊक होतं का नाई. कधी वाटते, पक्कं ठाऊक होतं. कधी वाटते, त्या माणसाले खरंच झिंगू आठवत नव्हता. दुसरं जास्त भयानक आहे. मी काय म्हटलं असन? सांगा ना, तुम्ही विद्वान.

मी म्हटलं, "हो सर. झुडपात होता."

झालं. एवढंच. तुमच्या शास्त्राचा पाया म्हणजे हे माह्यं एक वाक्य. काऊन म्हटलं, विचारता? त्याच्याआधी, चहा पेताना सर म्हणाले होते, "ह्या निबंधावर माझ्या नावाशेजारी तुझं नाव छापू." नागपूरच्या कॉलेजातला झाडीपट्टीचा पोरगा मी — माह्या बोलण्यावर अख्खा वर्ग हसे, 'मले-तुले' म्हणून चिडवे. मले ते नाव पाहाचं होतं छापलेलं. बस. तुमाले समजन, तुमच्याही नावाची यादी आहे कुठीतरी. अन् छापून काय आलं? शेवटच्या पानावर, बारीक टायपात — 'मोजमापांच्या कामी एका स्थानिक विद्यार्थ्याचे साहाय्य झाले.' एका! स्थानिक! मी तो अंक वसतिगृहाच्या चुलीत घातला अन् गाडीत बसलो. लोक म्हणतात रागानं शिक्षण सोडलं. रागानंच सोडलं. नाव नाई आलं म्हणून सोडलं — झिंगूसाठी नाई सोडलं, एवढं तरी खरं बोलू द्या. झिंगूसाठी सोडलं असतं तं वर्षाआधी सोडलं असतं.

नाई, थांबा, अजून उत्तर नाई झालं. सहा इंचांचं.

झिंगूची बायको आहे, सुकरी. तिच्या लोकांत असं धरतात का मेलेला माणूस सुखात असला तं त्याचा दगड वाढते. मोहफुलं संपली का बाई येते अन् वितीनं दगड मोजते. तुमच्या पट्टीपेक्षा बारीक मोजते, सांगून ठेवतो, बोटाबोटानं. चोपनच्या उन्हाळ्यात तिनं मोजला तं दगड कमी भरला. भरणारच! ताजी उकरलेली माती, एक पावसाळा खाल्ला, बसला खाली. ते तुमाले समजते, मले समजते. टोल्यात काय समजलं? झिंगू नाराज आहे. कोणावर? कोलू म्हाताऱ्यानं लगेच सांगतलं — बायकोवर, हिनंच त्याले साहेबाच्या कामावर धाडलं. अंगठा देणारा तो, अन् नाराजी हिच्यावर! तिले मोहावर सोबत नेणं बंद झालं. तिच्या हातचं पाणी बंद झालं. एकटी जंगलात जाये, साहेब, एकटी — वाघाच्या जंगलात बाई एकटी जाणं म्हणजे काय, हे रेंजरले विचारा. मी तिले नाल्यावर पाह्यलं होतं, उपाशी, हाडं निघालेली, झऱ्याशी बसून स्वतःची वीत दगडावर मोजून राह्यली — वीत लहान-मोठी झाली का म्हणून.

तं पुढच्या वर्षी तिच्याआधी मी आलो.

दोन इंच. बुडाशी चारी बाजूंनी माती खरवडली, सपाट केली, वरून पालापाचोळा टाकला. तिनं मोजलं. दगड वाढला होता. काय सांगू तुमाले — ती रडली नाई, हसली नाई, फक्त दगडाले म्हणाली, त्यांच्या भाषेत, "बरा आहेस ना?" महिन्याभरात टोल्यातल्या बाया तिच्या झोपडीत बसू लागल्या. छपन साली दोन इंच. सत्तावन्न साली दोन. झाले का सहा? सरांच्या नावावर तेवीस उल्लेख, अन् माह्या नावावर सहा इंच. माह्यं काम कोणी छापत नाई, पण माह्या कामाचा एक वाचक आहे अन् तो दरवर्षी येऊन तपासते. तुमच्या तेविसांपेक्षा बरा.

हो, थैलीत खुरपं आहे. भाकर नाई. आज ती येणार, म्हणून मी पहाटे निघालो — अन् येऊन पाहतो तं तुम्ही गुडघ्यावर, तोंडात पेन्सिल, तिच्या दगडाले पट्टी लावून बसले. पण यंदा मी खुरपं काढलं असतं का नाई, मलेच माहीत नाई. ह्याच्यावर हात ठेवून पाहा. हळू! हलते ना? आता खाली हातभरही गाडलेला नाई राह्यला. अजून दोन इंच काढले तं पह्यल्या पावसात पडन. अन् पडला तं तिले टोल्यात जागा नाई. तुम्ही बुडाशी खोदून वय काढसान, एक कुदळ मारसान, तं आजच पडन, तिच्या डोळ्यांसमोर. अन् खाली तुमाले सापडन काय? एक बिडीचं बंडल असन, त्याच्या भावानं ठेवलं होतं. घ्या, अडीच हजार वर्षांपूर्वीची बिडी.

पुरावा पाहिजे? माह्या बोलण्यावर विश्वास नाई, बरोबर आहे, मी एकदा खोटं बोललेला माणूस आहे. ही घ्या वही. खुरप्याखाली होती. त्रेपन सालची, सरांनी मागितली होती, मी म्हटलं हरवली. हा नकाशा, हे अकरा दगड, ही तारीख, ही खाली सरांची सही — स्वतःची, निळ्या शाईची. एवढ्यात तुमचं काम होते. बारा महिने अकरा होतात अन् तेवीस उल्लेख तेवीस माणसांच्या तोंडावर पडतात, तुमच्या दोहोंसकट. खोदाची गरज नाई. घ्या ना. सोडतो, सोडतो मी — थांबा, एक पान फाडू द्या.

कोणतं म्हणजे? काही नाई, खाजगी हिशोब — द्या म्हटलं ना! बरं, वाचा. वाचलं? मोठ्यानं वाचा मंग, काऊन थांबले. 'सकाळी आठ. पूर्वेची भिंत ओली. झिंगू म्हणतो माती बोलून राह्यली, उतरत नाही. समजावून उतरवला. तळ साफ.' अक्षर कोणाचं? नाई, सरांचं नाई. सर तंबूत दाढी करून राह्यले होते. सरांनी फक्त म्हटलं होतं, तळ साफ पाहिजे. समजावलं मी. तुमाले सांगू काय समजावलं? मी त्याले म्हटलं, "अबे झिंगू, भिऊन राह्यला का बायकोसारखा? सर पाहून राह्यले, माह्या इज्जतीचा सवाल आहे." सर पाहत नव्हते. तो हसला अन् उतरला. मघा मी म्हटलं ना तीन म्हातारे. चौथा म्हातारा नव्हता.

आता फाडू? नाई फाडत. घेऊन जा अख्खी. छापा. माह्यं नाव छापा आता, पूर्ण, 'एक स्थानिक विद्यार्थी' नको — फक्त ह्या दगडाले हात लावू नका.

चूप. आली ती.

तिकडं नाई, पळसाच्या मागून, डोक्यावर टोपली. पट्टी लपवू नका, पाह्यली तिनं. उभी राह्यली. ये ना वहिनी, ये, पाहुणे आहेत. — ती विचारून राह्यली हा साहेब कोण, झिंगूच्या दगडाशी काय करून राह्यला. मी सांगतो, मोजून राह्यला. — हो, खरंच सांगतलं. — आता काय म्हणते... साहेब, ती म्हणते, तुमची पट्टी बोलते का? तिची वीत हाडं वाळून लहान झाली असन, मागच्या वर्षीपासून तिले भरवसा नाई वाटत. कोलू म्हाताराही म्हणते का ती चोरून मोठं मोजते. साहेबाच्या पट्टीनं किती भरते, ते सांगा म्हणते.

तुम्ही माह्याकडं काऊन पाहता? खोटं बोला म्हटलं का मी? निबंध आहे ना तुमच्या बगलेत, छापलेला, शिक्क्याचा, तेवीस विद्वानांनी मान्य केलेला? उघडा. पान सात. बारावा पाषाण, चोपन साल, तीन फूट चार. वाचा. अन् आज तुम्ही स्वतः तीन वेळा मोजला, वहीत लिहिला — तोही वाचा. दोन्ही आकडे खरे आहेत, साहेब, एकही खोटा नाई. सहा इंच कसे आले, ते तिनं विचारलं नाई. मी गोंडीत सांगतो तिले, तुम्ही फक्त बोटानं दाखवा, इथी चार, इथी दहा. हा चोविसावा उल्लेख समजा. ह्या निबंधाचा कामाचा असा हा एकच होईन.

दाखवा.

...

झालं तुमचं काम. वही घेतली, कुदळ राहू द्या, मले बुडाशी टेकूचे दगड बसवाले लागन. अन् पाय वाजवू नका जाताना — ती त्याच्याशी बोलून राह्यली. निघा.